हुकमापुरती भाषा

रंगुबाईनं अंगठा करंगळीच्या बुडाच्या पेरावर टेकवला आणि मोजायला सुरुवात केली.

"शिमग्याच्या पुनवेला सून बाहेर बसायची, ती बसली न्हाई. म्हंजी फागुन येक. मग चैत, वैशाख."

करंगळी भरली. अंगठा शेजारच्या बोटावर सरकला.

"जेठ, आखाड, सरावन."

तेही बोट भरलं. मधल्या बोटाच्या दुसऱ्या पेराशी येऊन अंगठा थांबला आणि म्हातारीनं तो हात तसाच उचलून कलाबाईच्या पुढ्यात धरला. "भादवा, आश्विन. आठ झाले. आठवा चाललाय बगा."

मधल्या बोटाचं टोक तेवढं रिकामं राहिलं होतं. कलाबाईनं मान डोलावली. मोजणी तिच्या ओळखीची होती; तिच्या सासूनंही अशीच पेरांवर मोजली असती. व्हरांड्याच्या टोकाला टेबलाशी बसलेल्या सूर्यभान कंपाउंडरला तिनं आवाज दिला.

"सूर्यभान, आठवा म्हणत्यात."

सूर्यभाननं केसपेपरावर इंग्रजी आठ काढला, त्याच्या दोन वाटोळ्यांवरून पेन पुन्हा एकदा फिरवलं आणि कागद फुंकून वाळवला.

"तेवढंच ना? का आजून काय इस्पॅनिशमदी लिहायचं हाय, साहेबीणबाई?"

"तुमी इंग्रजी नीट लिहा. माज्या इस्पॅनिशचं मी बगते."

"बगा बाई. उद्या आमालाबी हुकूम सोडायला लागाल."

"सोडायला न्हाई शिकत. ऐकायला शिकतीय."

सूर्यभान हसला. रॉकेलच्या रांगेत नंबर लावायचा म्हणून त्यानं रिकामा डबा सायकलला बांधला आणि कोल्हारच्या रस्त्याला लागला. केसपेपर घेऊन कलाबाई आत गेली. सकाळचे नऊ वाजले असतील. दिवाळी आठवड्यावर आली होती, पण बहात्तर सालच्या त्या दिवाळीची चाहूल कुठंच नव्हती. समोर प्रवरेचं पात्र वाळूचं वाळू पडलं होतं आणि पलीकडच्या काठावर दुष्काळी कामाची खडी फुटत होती. तो आवाज दिवसभर येई. बारीक, एकसारखा, पावसाचा भास व्हावा असा.

रंगुबाईची सून गीता त्याच खडीवरून आली होती. पहाटे पाटी उचलताना पोटात कळ आली, तेव्हा मुकादमानं बैलगाडी दिली. अंगावर लुगड्याशिवाय काही भरीव नाही, अशी ती पोरगी. रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरीवर तिनं हे पोट वाढवलं होतं आणि तेही लहानच दिसत होतं.

स्पेनहून आलेल्या सिस्टर लोकांचा हा दवाखाना कौलारू दोन खोल्यांपासून वाढत गेलेला. कलाबाई तिथं आठ वर्षांपूर्वी भांडी घासायला लागली. मग फरशी, मग उकळत्या पाण्यातली हत्यारं, आणि शेवटी बाळंतपणाची खोली. आसुन्सियोन सिस्टर, जिला पंचक्रोशी आसूसिस्टर म्हणे, पंचवीस वर्षं इथं राहून अस्खलित मराठी बोलायला लागली होती. तिच्या मध्यस्थीमुळं कुणालाच परक्या भाषेची गरज पडली नव्हती. गरज पडली ती पावसाळ्याच्या तोंडी, डॉक्टर मार्ता आली तेव्हा. तिच्या हाताला यश होतं, जिभेला मात्र स्पॅनिश सोडून काही ठाऊक नव्हतं. इंग्रजी कागदावरचं जेमतेम कळे. मराठीचे दहा शब्द तिनं वहीत टिपले होते आणि ते ती सगळ्यांना एकाच सुरात विचारी. बाळंतपणाच्या खोलीत ती जे बोले ते एका शब्दाचं असे, आणि तो शब्द हवेत असतानाच काम व्हायला हवं असे. लंकाबाई आयाला ते जमलं नाही. डॉक्टर काय म्हणते हे ऐकत ती हातातली कात्री धरून उभी राहिली. दुसऱ्या दिवसापासून ती धुण्याच्या दगडाशी होती. पगारात दहा रुपये कमी झाले, त्याहून तिला त्या खोलीचं दार बंद झालं याचं लागलं.

म्हणून आसूसिस्टरनं कलाबाईला दुपारच्या वेळी स्वयंपाकघरात बसवलं. दोघींच्या मध्ये डाळ निवडायचं सूप.

"आमच्या शब्दाला शेपटी असते," सिस्टर म्हणाली. "आर, एर, नाहीतर ईर. एस्पेरार. म्हणजे थांबणं. कोर्रेर, पळणं. आब्रीर, उघडणं. हुकूम करायचा तर आधी शेपटी तोडायची."

"आनि मग?"

"आर तोडलास तर जागेवर आ ठेव. एस्पेरा. थांब. एर नाहीतर ईर तोडलास तर ए ठेव. कोर्रे. पळ. आब्रे. उघड. झाला हुकूम. थोडे आडमुठे शब्द आहेत, ते ऐकत नाहीत. ते सोडून दे. सरळ आहेत तेवढेच शिक."

कलाबाईनं सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "लेबांतार?"

"तू सांग."

"लेबांता. उचल."

"सुबीर?"

"सूबे. वर चढ."

सिस्टरच्या सुरकुत्या हलल्या. कलाबाईनं मग डाळीत बोटं फिरवत, सहज विचारल्यासारखं विचारलं, "आनि मोठ्या मानसाला सांगायचं आसंल तर?"

"मग उलटं. आ असेल तिथं ए, ए असेल तिथं आ. एस्पेरे. थांबा. आब्रा. उघडा."

"आमच्यातबी तसंच की. थांब म्हनायचं आनि थांबा म्हनायचं."

"तसंच. पण तुला ते लागायचं नाही, कलाबाई. डॉक्टर सांगणार, तू ऐकणार."

ते खरंच होतं. तरी कलाबाई दोन्ही शिकली. चाळीसेक हुकूम तिनं तोंडी केले आणि माणसांवर चालवता येत नव्हते म्हणून इतर गोष्टींवर चालवून पाहिले. आडात बादली सोडताना ती बाखा म्हणे, ओढताना सूबे. दूध उतू जाऊ लागलं की एस्पेरा. आणि त्या वर्षी आभाळातून जे रिकामे, पांढरे ढग नाशिककडून नगरकडे निघून जात, त्यांच्याकडे मान वर करून ती मानाचं रूप वापरी. एस्पेरे. ढग थांबत नसत. पण सांगणाऱ्याच्या जिभेला सांगण्याची चव कळे.

त्या भाषेत तिला याहून जास्त काही येत नव्हतं. 'मी' हा शब्द नव्हता, 'काल' नव्हता, 'का' नव्हता. लेकरू, चूक, महिना, मरण यांतलं काहीच नव्हतं. घडून गेलेली एकही गोष्ट तिला तीत सांगता आली नसती. करायला सांगणं आणि सांगितलेलं करणं, एवढीच ती भाषा होती.

आणि आसूसिस्टर डोळ्याच्या ऑपरेशनला पुण्याला गेली, त्याला आज सहावा दिवस होता. नर्सही तिच्या सोबतीला गेली होती.

डॉक्टर मार्तानं केसपेपर पाहिला. मग गीताचं पोट दोन्ही हातांनी चाचपलं, लाकडी नळी टेकवून ऐकलं, पुन्हा कागद पाहिला. बाळ हाताला लहानच लागत असावं. तिनं मान हलवली ती कागदाशी सहमत झाल्यासारखी. मग ती भिंतीकडे गेली. तिथं संगमनेरच्या कुठल्याशा कापडदुकानाची दिनदर्शिका टांगलेली होती. ऑक्टोबरचं पान तिनं वर उचललं आणि नोव्हेंबरच्या पानाच्या शेवटाशी बोट ठेवलं. तिथवर. गीताच्या पोटावर हात ठेवून तिनं तो हात हलकेच दाबला, झाकण लावल्यासारखा. आत. तिथवर आत राहू दे.

कलाबाईला कळलं. लेकरू घाईनं निघालं होतं, त्याला महिनाभर थोपवायचं. कपाटातून एक बारीक कुपी निघाली, कळा थांबवायची. मग डॉक्टरनं खाटेच्या पायथ्याकडे बोट केलं.

"लेबांता."

खाटेचा पायथा उचलायचा. त्याखाली विटा लागणार होत्या, आणि त्या व्हरांड्यापलीकडे हौदाशी होत्या. कलाबाई निघाली तेव्हा गीतानं तिचा पदर धरला.

"मावशे, काय म्हनत्यात?"

"थांबवायचं म्हनत्यात लेकराला. लहान हाय आजून."

"थांबंल का त्ये? खाली लई जोर करतंय."

"पडून ऱ्हा. श्वास घे." पदर सोडवताना कलाबाईनं तिच्या कपाळावरचे केस मागं सारले.

व्हरांड्यात रंगुबाई भिंतीला टेकून बसली होती. जवळ एक फडकं, त्यात भाकरी. लहान अंगडं, टोपडं, कापूस, असलं काही नव्हतं.

"काय म्हनली डाक्टरीन?"

"थोपवून बगतीया. सुई देनार हाय."

"कशाला त्यो खटाटोप." रंगुबाईच्या आवाजात कडूपणा नव्हता, दम संपलेला होता. "सातव्यात आलं तर येखादं वाचतं बया. आठव्याचं न्हाई वाचत. माज्या सासूनं सांगितलं, तिच्या सासूनं तिला सांगितलं. मी तर पोराला म्हनलं, बारशाचं काय आनू नगंस."

हौदाशी वाकून कलाबाईनं पहिली वीट उचलली, पदरानं पुसली. "माजंबी आठव्याचंच हुतं," ती म्हणाली.

"व्हय? मग?"

"दुपारपत्तोर हुतं. सवताचा गाल वरबडून घेतला हुता त्यानं." दुसरी वीट पहिलीवर ठेवली. "सुईन म्हनली, आठव्याचं हाय, ऊब धरून काय फायदा न्हाई. कोपऱ्यात सुपात ठिवलं."

"कवाची गोष्ट?"

"झाली की चौदा वर्सं. दोन सरावन आले व्हते ना, त्या सालची."

"मग पुन्यांदा?"

"पुन्यांदा न्हाई झालं. आमच्या मालकांनी दुसरी केली." तिसरी वीट. ती हे सगळं पाण्याचा भाव सांगावा तसं सांगत होती. इतक्या वेळा सांगून झालं होतं की शब्दांच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या.

रंगुबाईनं मान हलवली. एका बाईचं दुःख ऐकलं की आपलंही एखादं पुढं करावं, त्याशिवाय ते घेतल्यासारखं होत नाही.

"या साली तर समदं वाकडंच चाललंय," ती म्हणाली. "थोरली लेक पुनतांब्याला दिली. जावयाला धोंड्याचं जेवान घालायचं तर पुरनाला डाळ न्हाई. लाल मिलोचं काय धोंडं करनार? जावई जो रुसला, त्यानं लेकीला आजून म्हायेरी धाडली न्हाई."

कलाबाई चौथ्या विटेसाठी वाकली होती. ती तशीच राहिली.

"धोंडा कवा हुता या साली?"

"उन्हाळ्यात न्हवता का? वैशाखाच्या आदी. दोन वैशाख न्हाई का आले?"

"रंगुबाई, मगाशी मोजलंत त्यात धोंडा धरला हुता?"

म्हातारीनं तिच्याकडे पाहिलं, ते लहान पोराच्या प्रश्नाकडे पाहावं तसं. "धोंडा कसा धरत्यात? त्यो काय म्हयना हाय? मळमास त्यो. त्यात सोयरीक न्हाई, वास्तू न्हाई. त्यो गेला तरी गेला म्हनत न्हाईत, आला तरी आला म्हनत न्हाईत. आमी कुटल्याच मोजनीत धरत न्हाई."

कलाबाईनंही धरला नव्हता. मघाशी पेरांवरून अंगठा पुढं सरकत होता तेव्हा ती मान डोलावत होती, आणि दोन वैशाखांच्या मध्ये पडलेली ती खाच तिच्या नजरेलाही दिसली नव्हती. आठ हा आकडा तिनंच सूर्यभानला ओरडून सांगितला होता. पोटातल्या लेकराला मात्र कुणी सांगितलं नव्हतं की मध्ये एक महिना वाढायचं नाही.

तिनं विटा तिथंच ठेवल्या.

आत डॉक्टरनं गीताचा दंड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसला होता. सुई वर धरून ती तिच्यातली हवा काढत होती. टोकावर एक थेंब आला आणि चमकला. कलाबाई रिकाम्या हातांनी आलेली पाहून तिच्या भुवया जवळ आल्या.

"लेबांता," ती पुन्हा म्हणाली.

कलाबाई जागची हलली नाही. खडीचा आवाज खिडकीतून येत होता. धुण्याच्या दगडाशी लंकाबाईच्या हाताखालचं कापड आपटत होतं, तेही ऐकू येत होतं. डॉक्टरनं गीताचा दंड धरला.

"एस्पेरे," कलाबाई म्हणाली. "एस्पेरे, दोक्तोरा."

आवाज मोठा नव्हता. पण त्या खोलीत त्या भाषेतला हुकूम आजवर एकाच दिशेनं गेला होता. डॉक्टरचा हात थांबला. ती वळली ती रागानं नव्हे. भिंत बोलली तर माणूस वळेल तशी वळली.

आता पुढं काय, हे कलाबाईजवळ नव्हतं. चूक झाली हे सांगायला शब्द नव्हता, माझी हे सांगायलाही नव्हता. ती भिंतीपाशी गेली आणि दिनदर्शिकेची पानं भराभरा मागं उलटवू लागली. अक्षर तिला येत नव्हतं, चित्रं येत होती. नागोबा गेला, वडाचं झाड गेलं, गुढी गेली. एका पानाच्या अगदी तळाच्या चौकोनात होळीच्या ज्वाळा काढलेल्या होत्या. तिथं तिनं बोट रोवलं.

"मीरे," ती म्हणाली. पाहा.

मग दुसऱ्या हातानं तिनं फळीवरच्या घड्या घातलेल्या फडक्यांतलं एक उचललं, जे बाया दर महिन्याला मागून नेत, ते गीताच्या दिशेनं धरलं, होळीच्या चौकोनाला लावलं आणि परत फळीवर टाकून दिलं. इथं लागलं नाही. इथपासून.

"मीरे," ती पुन्हा म्हणाली, आणि हळूहळू पुढं पानं सोडू लागली. एक पान, एक बोट. इंग्रजी महिने एकामागून एक खाली येत गेले. त्या पानांना धोंडा माहीत नव्हता. त्यांतलं एकही मध्ये गाळता येत नव्हतं. ऑक्टोबरचं पान भिंतीला टेकलं तेव्हा कलाबाईची नऊ बोटं उभी होती, आणि दहावं तिनं घट्ट मिटून धरलं होतं.

डॉक्टरनं केसपेपर उचलून आठाकडे पाहिलं. तिनं काही विचारलं. कलाबाईला कळलं नाही. तिनं कागदावरच्या आठावर अंगठ्याचं नख ठेवलं आणि आडवं ओढलं. आकड्यावरून एक चरा उमटला.

सुई ट्रेमध्ये गेली. डॉक्टर खाटेवर वाकली. या वेळी ती बराच वेळ वाकली होती. हातमोजा चढवून तिनं पुन्हा तपासलं, नळी टेकवून ऐकलं आणि ऐकता ऐकता घड्याळाकडे पाहिलं. मग तिनं नळी बाजूला ठेवली ती जरा घाईनं. गीताच्या अंगाखालची चादर ओली झाली होती, आणि ते पाणी स्वच्छ नव्हतं, हिरवट होतं. आठ वर्षांत कलाबाईनं तसलं पाणी दोनदा पाहिलं होतं. आत गुदमरायला लागलेलं लेकरू तसलं पाणी करतं.

पुढचं सगळं कलाबाईच्या जुन्या ओळखीचं होतं. आब्रे म्हटलं की डबा उघडायचा, लाबा म्हटलं की धुवायचं. डॉक्टर रेस्पिरा म्हणे, कलाबाई गीताच्या कानाशी "श्वास घे" म्हणे. डॉक्टर एंपूखा म्हणे आणि कलाबाई "जोर लाव, पोरी, लाव जोर" म्हणे. दोन भाषांतून उतरून तो एकच हुकूम त्या कोवळ्या पोरीच्या कण्यात शिरत होता. एकदा ती रडत म्हणाली, "आता न्हाई व्हत, मावशे." कलाबाई म्हणाली, "तुला कोन इचारतंय? त्याला यायचंय."

सूर्य डोक्यावर यायच्या सुमाराला मुलगी झाली. आली तेव्हा ती निळसर होती आणि गप्प होती. डॉक्टरनं तिच्या तोंडातलं काढलं, पाठ चोळली, पायांना टिचक्या मारल्या. खडीचा आवाज मध्येच खूप मोठा झाल्यासारखा वाटला. मग एक बारीक, फाटकं रडणं निघालं, आणि एकदा निघाल्यावर ते थांबेना.

डॉक्टर हसली. कलाबाईनं तिला हसताना पहिल्यांदाच पाहिलं. तिनं बाळाचा मुठीएवढा हात स्वतःच्या बोटावर पसरला आणि कलाबाईला जवळ बोलावून दाखवला. नखं. पाच नखं, पातळ, पुरी झालेली, बोटांच्या टोकापुढं आलेली. डॉक्टरनं नऊ बोटं वर केली आणि मान डोलावली. दिवस भरल्याचा तो दाखला होता.

कलाबाईनं नखांकडे पाहिलं. मग कोमट पाण्याचं भांडं उचलायला ती वळली, ते भांडं तिथं नसूनही.

रंगुबाईच्या मांडीवर तिनंच बाळ नेऊन ठेवलं, स्वतःच्या जुन्या पातळात गुंडाळून. म्हातारीनं पातळाचं टोक बाजूला सारून तिचं तोंड पाहिलं.

"आठव्याचं?" तिनं विचारलं.

"नवव्याचं. धोंडा धरून."

"वाचंल म्हनता?"

"ऊब धरा. छातीशी धरा अशी. सोडू नगा."

आत डॉक्टर हात धूत होती. कलाबाई ट्रे उचलू लागली तेव्हा ती म्हणाली, "देस्कान्सा." तो शब्द कलाबाईला येत होता, पण तिच्यासाठी तो याआधी कुणी वापरला नव्हता. विश्रांती घे. ट्रे ठेवून ती बाजूच्या दारानं बाहेर गेली.

तिथं चार पायऱ्या होत्या आणि खाली तोच हौद. तिनं रचलेल्या तीन विटा तिथं तशाच एकावर एक होत्या, चौथी बाजूला. ती सगळ्यांत खालच्या पायरीवर बसली. ऊन होतं. एक पांढरा ढग नदीच्या पात्रावरून सावकाश चालला होता आणि त्याची सावली वाळूवर पाण्यासारखी सरकत होती. हात अजून ओले होते. तिनं ते पदराला पुसले, मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे पाहिलं. गाल वरबडायला नखं लागतात. ती बोटांच्या पुढं यावी लागतात.

अंगठा तिनं करंगळीच्या बुडाच्या पेरावर टेकवला.

चैत. त्या साली तिची पाळी चैत्रात चुकली होती. गुढीच्या दिवशी सासूनं ते ओळखलं आणि कडुलिंब तिच्या हातावर ठेवताना हसली होती. वैशाख. जेठ. करंगळी भरली. आखाड. सरावन.

अंगठा तिथं थांबला. पुढच्या पेरावर भादवा यायचा. चौदा वर्षं तिथं भादवाच आला होता, आणि कार्तिकाला आठ भरले होते.

वर दार वाजलं. डॉक्टर उंबऱ्यात उभी होती, तिच्या बाह्या अजून वर दुमडलेल्या. आतून गीताची हाक येत होती, बाळाचं रडणं येत होतं.

"कलाबाई," डॉक्टर म्हणाली. "सूबे."

शब्द हवेत असतानाच उठायची तिला सवय होती. पाय हललेही. पण अंगठा त्या पेरावरून निघेना.

"एस्पेरे," ती म्हणाली, वर न बघता.

आणि मग तिनं अंगठा पुढच्या पेरावर ठेवला. दुसरा सरावन. त्यानंतर भादवा, आश्विन. कार्तिक मधल्या बोटाच्या अगदी टोकावर आला.

दारातली बाई थांबली होती.